खुर्ची रिकामी आहे म्हणून मशीन बसवायचं का?

तुमच्या घरात सध्या डॉक्टर कोण आहे? खरं सांगा, तुम्हीच ना?

बाबांचा रक्ताचा रिपोर्ट लॅबवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो आधी तुमच्या मोबाइलवर येतो. तुम्ही ती पीडीएफ चॅटजीपीटीला नाहीतर जेमिनीला देता, ‘सोप्या मराठीत सांग’ म्हणता आणि दोन मिनिटांत स्वयंपाकघरात जाऊन जाहीर करता, ‘काही नाही आई, क्रिएटिनिन थोडं वाढलंय. बाबांना पाणी जास्त प्यायला सांग.’ आई लगेच तांब्या भरून ठेवते. पोरगं शिकलेलं आहे, मोबाइलने सांगितलंय, म्हणजे बरोबरच असणार.

आता यातली गोम बघा. किडनीच्या काही पेशंटना पाणी मोजून प्यावं लागतं. बाबा त्यातले आहेत की नाहीत, हे त्या पीडीएफमध्ये लिहिलेलं नाही. ते त्यांच्या पायावरच्या सुजेत आहे, आधीच्या केसपेपरवर आहे, चालू असलेल्या गोळ्यांत आहे. मशीनला हे कुणी सांगितलंच नाही.

‘एआय डॉक्टरांची जागा घेईल का?’ हा विषय कुठल्याही वादविवाद स्पर्धेत ठेवा, दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. एक जण म्हणतो मशीन थकत नाही, चुकत नाही. दुसरा म्हणतो मशीनला हृदय नाही. बक्षीस वाटप होतं आणि आपण घरी जातो. पण पारोळ्यात, एरंडोलला, अमळनेरला, साक्रीला, शिरपूरला राहणाऱ्या माणसासाठी हा प्रश्न असा नाहीच. पुण्या-मुंबईत प्रश्न असा आहे की खुर्चीत डॉक्टर बसलेत, त्यांना उठवून मशीन बसवायचं का. आपल्याकडे प्रश्न असा आहे की ज्या खुर्चीत बऱ्याचदा कुणी बसलेलंच नसतं, तिथे मशीन बसवायचं का.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर द्यायला जास्त अवघड आहे. कारण रिकाम्या खुर्चीपेक्षा काहीतरी बरं, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

आकडे बरे, गाडी मात्र धुळ्याला

सरकार संसदेत सांगतं की आयुष डॉक्टर धरून देशात ८११ लोकांमागे एक डॉक्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा म्हणून जो निकष सांगितला जातो तो हजार लोकांमागे एक. म्हणजे कागदावर आपण पास. पण सरकारच्याच ग्रामीण आरोग्याच्या आकडेवारीत दुसरं एक पान आहे. गावाकडच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपण ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतो त्या पातळीवर, सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ असे जितके तज्ज्ञ हवेत त्यातले जवळपास ८० टक्के नाहीत. डॉक्टर देशात आहेत, फक्त ते तुमच्या तालुक्यात नाहीत.

पारोळ्यात कुटीर रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, मेडिकल तर चौकाचौकात आहेत. पण मेंदूचं, हृदयाचं, किडनीचं काही म्हटलं की गाडी बहुतेकदा हायवेला लागते. धुळे साधारण ३५ किलोमीटर, जळगाव त्याहून लांब. ज्याच्याकडे गाडी आहे तो निघतो. ज्याच्याकडे नाही तो म्हणतो, ‘सोमवारी जाऊ, बाजाराच्या दिवशी जाऊ, कापूस विकला की जाऊ.’

आणि डॉक्टर भेटले तरी किती वेळ भेटतात? ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांचा आढावा छापून आला होता. स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी २२.५ मिनिटं देतात. बांगलादेशात ४८ सेकंद. भारतात साधारण दोन मिनिटं. दोन मिनिटांत नाव विचारून, नाडी बघून, गोळ्या लिहून होतात. ‘रात्री झोप लागते का’ हे विचारायचं राहून जातं.

म्हणून जे लोक ‘मशीनला माणुसकी नसते’ म्हणून विषय संपवतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. लोकांनी इंटरनेटवर विचारलेल्या आरोग्याच्या १९५ प्रश्नांना खऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरं आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं, नावं लपवून, तज्ज्ञांसमोर ठेवली. जवळपास ७९ टक्के वेळा तज्ज्ञांनी मशीनचं उत्तर निवडलं. ते जास्त सविस्तर तर होतंच, शिवाय जास्त आपुलकीचंही वाटलं. यात मशीन प्रेमळ आहे असं काही सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की दमलेल्या माणसाकडे आपुलकीसाठी वेळ उरत नाही आणि मशीनकडे वेळच वेळ असतो.

एक खुर्ची मशीनला दिलीच आहे

बऱ्याच जणांना हे माहीत नसेल, पण एका कामात माणसाची जागा मशीनने घेतली तरी चालेल असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच सांगून टाकलंय. ते काम म्हणजे टीबीची चाळणी. १५ वर्षं आणि त्यापुढच्या माणसाच्या छातीचा डिजिटल एक्स-रे काढला, तर त्यात टीबीची शंका आहे का हे माणसाऐवजी सॉफ्टवेअरने वाचलं तरी हरकत नाही, अशी ती शिफारस आहे.

आपल्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. जगातले साधारण चौथाई टीबीचे पेशंट भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळलं की सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के नुसत्या लक्षणांवर विसंबलं असतं तर निसटले असते, ते एक्स-रेमुळेच हाती लागले. म्हणजे ‘दोन आठवडे खोकला आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा माणूसही टीबीचा असू शकतो. अशा वेळी गावात हातात धरता येणारं एक्स-रे मशीन नेलं, लॅपटॉपवर सॉफ्टवेअरने लगेच शंकेचा शेरा दिला आणि त्याच दिवशी थुंकीचा नमुना घेतला, तर किती वणवण वाचते बघा. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ मध्ये ३४७ जिल्ह्यांत जी १०० दिवसांची टीबी मोहीम झाली, तिच्यात अशी मशीन वापरली गेली. असं सॉफ्टवेअर बनवणारी क्युअर डॉट एआय ही कंपनी आपल्या मुंबईतली. पुढची खात्री करणारं ‘ट्रूनॅट’ मशीन गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. आपल्याच भागातल्या लोकांनी आपल्याच दुखण्यावर काढलेला उपाय आहे हा.

मी या मशीनच्या बाजूने आहे, अगदी शंभर टक्के. एक्स-रे वाचायला रेडिओलॉजिस्ट तालुक्याला कधी येईल याची वाट बघत बसण्यात काही शहाणपण नाही.

पण इथे मशीनने नेमकं काय केलं ते नीट बघा. त्याने हजार फोटोंतून शंभर वेगळे काढले. टीबी आहे असं त्याने सांगितलं नाही, ते थुंकीच्या तपासणीने सांगितलं. औषध त्याने सुरू केलं नाही, ते डॉक्टरांनी केलं. सहा महिने गोळ्या चालू ठेवायला घरी चकरा त्याने मारल्या नाहीत, त्या आशाताईंनी मारल्या. शिवाय ज्याला आधी टीबी होऊन गेलाय त्याच्या छातीवरचे जुने व्रण बघून हे सॉफ्टवेअर गोंधळतं, वयस्कर माणसांच्या बाबतीतही जास्त वेळा फसतं. म्हणून ते ज्या भागात वापरायचं तिथल्या लोकांवर आधी तपासून घ्यावं लागतं. हे करणारा माणूस लागतोच.

गोव्यात हार्ट अटॅकसाठी असंच काम उभं राहिलं. लहान सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, सॉफ्टवेअर तो आधी वाचतं, तज्ज्ञ पडताळतात आणि काही मिनिटांत खालच्या डॉक्टरांना कळतं की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का. यात मशीनने मिनिटं वाचवली. इंजेक्शनचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच राहिला.

‘कसंतरी व्हई राहिनं’चं काय?

आता परत तुमच्या मोबाइलकडे येऊ.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १,२९८ लोकांवर एक प्रयोग केला. आजाराची एक गोष्ट वाचायला द्यायची आणि काय झालं असेल, कुठे जायचं, ते ठरवायला सांगायचं. ती गोष्ट थेट एआयला दिली तेव्हा त्याने जवळपास ९५ टक्के वेळा संबंधित आजार बरोबर ओळखला. पण साध्या माणसांनी तेच एआय वापरलं तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आलं. ज्यांनी एआय वापरलंच नाही, त्यांच्यापेक्षा ही मंडळी काही पुढे गेली नाहीत. मशीन तेच होतं. माणसांनी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली आणि त्याने जे सांगितलं त्यातलं अर्धंच उचललं.

हे इंग्रजी बोलणाऱ्या, इंग्रजीतच टाइप करणाऱ्या लोकांचं. आता आपल्या घरी या. समजा संध्याकाळी आजी ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाली, ‘माले कसंतरी व्हई राहिनं.’ तुम्ही विचारलं, छातीत दुखतं का? ती म्हणाली, नही. तुम्ही टाइप केलं, ‘आजीला अस्वस्थ वाटतंय, जेवण जड झालंय, अ‍ॅसिडिटी आहे का?’ मशीनने अ‍ॅसिडिटीवर छान दहा मुद्दे दिले. त्यात तुमची चूक नाही, मशीनचीही नाही. पण बायकांमध्ये हार्ट अटॅक कित्येकदा छातीत कळ न येता येतो. मळमळ, धाप, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, नुसता थकवा असाही येतो. जाणता डॉक्टर आजीच्या कपाळावरचा घाम बघतो, हात लावून बघतो गार पडलाय का, आणि ‘कसंतरी’ या शब्दावर अडतो. मशीनपर्यंत तो शब्द पोहोचलाच नाही, कारण मध्ये तुम्ही भाषांतर केलंत.

२०११ च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांनी खान्देशी गटातली भाषा आपली मातृभाषा म्हणून सांगितली. त्यातली बहुतेक अहिराणी बोलणारी. एवढी माणसं दुखणं सांगतात ती या भाषेत. इंटरनेटवर या भाषेत गाणी सापडतात, कॉमेडीचे व्हिडिओ सापडतात. दुखण्याची वर्णनं कुठे आहेत? आणि एआय शिकतं ते लिहून ठेवलेल्यातूनच.

लिहून ठेवलेल्यात आणखी एक खोट असते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअरचा अभ्यास आला होता. कोणत्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे ते सॉफ्टवेअर ठरवायचं. ते ठरवताना ते बघायचं की या माणसाच्या उपचारावर खर्च किती होतो. जास्त खर्च म्हणजे जास्त आजारी. झालं काय, कृष्णवर्णीय लोकांवर मुळातच कमी खर्च होत होता, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत मागे पडले. वर्ण कोणता हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी अन्याय झालाच.

आता कापूस वेचायला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. रोज बुडेल म्हणून ती दवाखान्यात जात नाही. तिचा केसपेपर नाही, बिल नाही, रिपोर्ट नाही. अशा मशीनच्या हिशोबात ती ठणठणीत आहे.

थायलंडचं उदाहरण तर आपल्या सरकारी दवाखान्यांना सरळ लागू पडतं. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झालाय का हे ओळखणारं गुगलचं एआय तिथल्या ११ दवाखान्यांत लावून पाहिलं. प्रयोगशाळेत ते जबरदस्त होतं. दवाखान्यात मात्र खोली पुरेशी अंधारी नाही, फोटो धूसर, नेट संथ. पाचातला एक फोटो मशीनने नाकारलाच. सिस्टरना पेशंटला परत बोलवावं लागलं आणि लोक रजा टाकून पुन्हा आले. वीज जाते, नेट जातं, ते आपल्याला नवीन नाही. पण ज्यांनी मशीन बनवलं त्यांना ते नवीन होतं.

जाब कुणाला विचारायचा?

माझा खरा मुद्दा इथे आहे. मशीन चुकतं म्हणून ते नको, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही चुकतात. आपल्या जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही.

जून २०२० आठवतो का? आपल्यातले बरेच जण तेव्हा दहावी-बारावीच्या आसपास होते. जळगावच्या सरकारी कोविड रुग्णालयातून ८२ वर्षांची एक आजी वॉर्डातून बेपत्ता झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. त्या आजीचं निदान झालेलं होतं, रिपोर्ट होता, बेड होता. आठ दिवसांत तिथे कुणी दार उघडून बघितलं नव्हतं, एवढंच राहिलं होतं. जगातलं कुठलंही निदान करणारं सॉफ्टवेअर तिथे असतं तरी त्याने ते दार उघडलं नसतं.

त्या प्रकरणानंतर जिल्हा पेटून उठला. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. ते पुरेसं होतं का यावर वाद घालता येईल. पण नाव घेऊन जाब विचारता येईल अशी माणसं होती. घरच्यांना, पत्रकारांना, कोर्टाला बोट दाखवायला कुणीतरी होतं. म्हणून काही हललं.

आता तिथे माणसांऐवजी एक प्रणाली होती असं धरा. कंपनी म्हणेल, आम्ही फक्त सल्ला देतो, शेवटचा निर्णय तुमचा. दवाखाना म्हणेल, सॉफ्टवेअरने सांगितलं तसं केलं. अधिकारी म्हणतील, खरेदी वरून झाली. सगळे खरं बोलतील आणि कुणीच सापडणार नाही.

आपला कायदा सध्या या बाबतीत बराच शहाणा आहे. २५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेने पेशंटला स्वतः सल्ला द्यायचा नाही आणि औषध लिहून द्यायचं नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मदत मात्र करता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०२३ च्या आपल्या एआयविषयक नियमावलीत माणसाची देखरेख आणि जबाबदारी यांवर भर दिलाय. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय की पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. म्हणजे डॉक्टर चुकला तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. चॅटबॉटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘हा वैद्यकीय सल्ला नाही.’ ती ओळ आपण कधी वाचत नाही. पण वेळ आली की कंपनी तीच दाखवणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: कामं मशीनला द्या, खुर्ची देऊ नका. एक्स-रे चाळायचं काम द्या, ईसीजी वाचायचं द्या, केसपेपर लिहायचं द्या, औषधांची एकमेकांशी टक्कर होते का ते तपासायचं द्या. स्वीडनमध्ये ८० हजार बायकांच्या स्तनांच्या एक्स-रे तपासणीत एआय घेतलं तेव्हा डॉक्टरांचं फोटो वाचायचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही, उलट वाढलं. हा वेळ वाचला तर दोन मिनिटांची दहा मिनिटं करता येतील. पण सही करणारा, ‘मी बघितलं, मी ठरवलं’ म्हणणारा माणूस खुर्चीत हवाच.

भीती वेगळीच आहे

२०१६ मध्ये जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत मशीन त्यांच्या पुढे जाईल. हिंटन म्हणजे साधी असामी नाही, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस. पाच वर्षं कधीच उलटली आणि रेडिओलॉजिस्टची मागणी अजून तशीच आहे. त्यामुळे एमबीबीएसला असलेल्या, नीटची तयारी करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी घाबरायचं कारण नाही.

मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मोठ्या शहरात पैसेवाल्याला एआय आणि डॉक्टर, दोन्ही मिळतील. तालुक्याला फक्त एआय मिळेल. फीत कापली जाईल, फोटो छापून येईल (कदाचित याच पेपरात), आणि नंतर कुणी विचारलं की फिजिशियनची जागा कधी भरणार, तर उत्तर येईल, ‘आता तर एआय बसवलंय ना!’ डॉक्टर नेमायचा तर पगार लागतो, क्वार्टर लागतं, त्याच्या पोरांना शाळा लागते. मशीन एकदा घेतलं की झालं. रिकामी खुर्ची दिसत होती तोवर निदान ओरडायला जागा होती. मशीनने ती झाकली गेली तर तीही जाईल.

कुणी म्हणेल, मग जिथे डॉक्टर येतच नाही तिथे काय करायचं? नुसतं ओरडत बसायचं? रास्त प्रश्न आहे. याचं एक उत्तर महाराष्ट्रातच मिळालंय, तेही एआयच्या कितीतरी आधी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना तयार केलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला त्यांना एक साधं साधन दिलं. मिनिटभर चालणारी वाळूची घडी आणि मण्यांची पाटी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत लाल मण्याला हात लागला की समजायचं, न्यूमोनिया. मोजता न येणाऱ्या बाईलाही ते जमत होतं. पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा त्यांचा ३९ गावांतला प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

मण्यांची ती पाटीसुद्धा एक मशीनच होती. निदान तीच करायची. पण ती चालवणारी बाई गावातली होती, बाळाच्या आईची भाषा बोलणारी होती, रात्री दार ठोठावलं तर उठणारी होती आणि तिच्या मागे शिकवणारे, तपासणारे डॉक्टर उभे होते. एआय तालुक्यात आणायचं तर या पद्धतीने आणा. आशाताईच्या हातात द्या, सिस्टरच्या हातात द्या, तिला नीट शिकवा, तिचा मोबदला वाढवा आणि फोन केला की उचलणारा डॉक्टर तिच्या मागे ठेवा.

मग आपण काय करायचं?

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, बीएएमएसला असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास २०२५ मध्ये आला. काही महिने एआयच्या मदतीने काम केल्यावर, एआय नसलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं त्यांचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. हात विसरतो, डोळाही विसरतो. आधी स्टेथोस्कोप कानाला लावून स्वतः ठरवा आणि मग मशीनला विचारा. आणि बॉण्डचं एक वर्ष आलं तर ते ‘कसंतरी काढायचं वर्ष’ म्हणून काढू नका. खुर्ची रिकामी असते त्यात सरकारचा दोष मोठा आहेच, पण तिथे न बसणाऱ्यांत उद्या आपलीही नावं असतील.

बाकी आपण सगळे, घरातले ‘मोबाइल डॉक्टर’. एआय वापरू नका असं मी सांगणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. मीही वापरते. पण त्याला निकाल मागू नका, प्रश्न मागा. ‘हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना कोणते पाच प्रश्न विचारू?’ असं विचारा. ते कागदावर लिहून आईच्या हातात द्या. दोन मिनिटांच्या ओपीडीत ते पाच प्रश्न फार कामाला येतात. आजी जे बोलली तेच शब्द टाका, तुमचं भाषांतर नको. चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, नवी सुरू करू नका. अमेरिकेत ६० वर्षांच्या एका माणसाने चॅटजीपीटीशी बोलून स्वयंपाकातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरलं आणि तीन महिन्यांनी तो भ्रमिष्ट अवस्थेत हॉस्पिटलात पोहोचला. आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, असं काही असेल तर टाइप करत बसू नका. १०८ लावा.

शेवटी, उद्या आपल्या तालुक्यात एखादं एआय मशीन आलं, तर कौतुक जरूर करा. सेल्फीही काढा. पण ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांच्या कार्यक्रमात, जिथे माइक मिळेल तिथे तीन गोष्टी विचारा. या मशीनच्या रिपोर्टखाली सही कोण करणार? ते चुकलं तर तक्रार कुणाकडे करायची? आणि ते आल्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या किती रिकाम्या जागा भरायच्या थांबल्या?

तिन्हीची उत्तरं नीट मिळाली तर मशीनला टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिली असेन. नाही मिळाली, तर ते मशीन आपल्यासाठी आलेलं नाही. ते ओरडा बंद करायला आलंय.